रिकाम्या जागा भरा

हुकूम तीन ओळींचा होता, शिक्क्यासकट चार.
शाळा डिचोलीहून मुरगावला हलवावी,
सरहद्द फार जवळ आहे,
चोवीस तासांत.
दिरेक्तोर फ्रागोझ यांनी तो मला वाचून दाखवला
आणि चष्मा पुसत विचारलं,
सगुण मास्तर, 'हलणे' आणि 'हलवणे' यांत फरक काय?
मी म्हटलं, झाड हलतं. शाळा हलवतात.
त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

अकरा जण होते.
कोणी वकिलातीत जाणार, कोणी कॉन्सुलच्या हाताखाली,
असं त्यांना लिस्बनला सांगितलं होतं.
ज्या देशाशी बोलणंच सहा वर्षं बंद,
त्या देशाशी कसं बोलावं
हे मी रोज सकाळी नऊ ते एक शिकवत होतो.
सभ्य वाक्यं. 'कळवण्यास आनंद होतो.'
'कळवण्यास खेद होतो' हा धडा अजून यायचा होता.

ळ यायला नऊ महिने गेले.
दुआर्त 'फळा' म्हणाला त्या दिवशी
पोदेराला थांबवून पाव घेतले, चहात बुडवून खाल्ले.
पण 'आपण' आणि 'आम्ही' त्याला जमेना.
त्यांच्याकडे दोन्हीला एकच शब्द.
ऐकणारा आत आहे की बाहेर
हे तो शब्द सांगत नाही.
मी खडूनं काढून दाखवायचो: हा मी, हे तुम्ही,
हे कुंपण.
कुंपण कोणी घातलं, मास्तर?
मी डस्टर शोधायला लागायचो.

मग ट्रक आला, खाणीवरचा,
फाळक्यांना लाल माती तशीच.
चौदा बाकं. दोन नकाशे,
एकावर आमची सीमा आहे, दुसऱ्यावर नाही.
कोशांच्या पेट्या, फळा,
आणि स्पूलचा टेपरेकॉर्डर, घरच्या गोधडीत गुंडाळलेला.
त्यात माझा आवाज आहे, सत्तावीस धडे:
'बसा. पाणी घ्या. प्रवास कसा झाला?'
अन्सेल्मो यादी वाचत होता, एकेक खूण करत.
बाकं. नकाशे. कोश. फळा. यंत्र.
पुढचं पान त्यानं उलटलं, ते कोरं होतं.
फ्रागोझ म्हणाले, तुम्ही तर इथलेच ना.
खरंच होतं ते. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं.
तरी मी गोधडीची गाठ सोडली
आणि परत बांधली.

आगशीच्या धक्क्यापर्यंत गेलो, मागे, बाकांना धरून.
वाटेत एका पुलाखाली शिपाई वाकून
काहीतरी पेरत होते. कोणी काही विचारलं नाही.
जुवारीला ओहोटी होती.
एक मासळीवाली फळ्याकडं बघून म्हणाली,
"इस्कोलाकय भंय दिसता?"
आणि पाटी डोक्यावर सारखी केली.
फेरी सुटली तेव्हा
दुआर्त कठड्याला रेलून ओरडला काहीतरी.
'निघालो' एवढंच ऐकू आलं.
आधीचा शब्द इंजिनानं खाल्ला.

सहामाहीच्या उत्तरपत्रिका पिशवीतच राहिल्या.
आता कुठं पाठवायच्या? टपालसुद्धा कालपासून बंद.
वात बारीक करून तपासायला बसलोय,
वरच्या पानावर माझ्याच अंगठ्याची लाल धूळ.
प्रश्न चौथा, रिकाम्या जागा भरा:
'_____ शेजारी आहोत.'
दहा जणांनी 'आम्ही' लिहिलंय.
दुआर्तनं 'आपण' लिहून, खोडून,
वर काहीतरी लिहून, तेही खोडून
जागा सोडून दिलीय.
दोन्ही चालतात, खरं तर.
मी प्रश्नच नीट काढला नव्हता.

दोडामार्गाच्या बाजूनं घरघर येतेय,
नेहमीचे खाणीचे ट्रक असतील, रात्रीचे कधी येत नाहीत ते.
भामा आतून विचारते,
डिसेंबरचा पगार दिला का त्यांनी?
आणि माझी गोधडी?